विंगेट या आडनावाचा इतिहास : प्रस्तावना

ज्यांचे नाव इंदापूर तालुक्यातील बहुतेक खातेदारांनी आयुष्यात एकदाही उच्चारलेले नसेल, परंतु ज्यांनी घालून दिलेल्या पद्धतीने आखलेल्या शिवारात त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी नांगर धरला, बांधाचे व वाटणीचे तंटे केले आणि बरे-वाईट साल पाहून सरकारचा सारा भरला, त्या सर जॉर्ज विंगेट यांच्या आडनावाचा उगम व प्रवास हा या लहानशा ग्रंथाचा विषय आहे. नीरा आणि भीमा या नद्यांच्या मधल्या अवर्षणप्रवण पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला एका इंग्रजी घराण्याच्या नावाशी काय कर्तव्य, अशी शंका कळस, कळंब, भिगवण किंवा बारामती येथील कोणाही सुज्ञ माणसाच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. तिचे समाधान दूर शोधावे लागत नाही. जमिनीचा आकार, पोटखराबा, सर्व्हे नंबर, एकर-गुंठे हे जे शब्द आपल्या दप्तरात इतके मुरले आहेत की ते परके कधी होते याचे भानही उरलेले नाही, ते ज्या मोजणीने येथे रूढ झाले तिची पहिली यशस्वी कसोटी याच तालुक्यात लागली, आणि तिच्या प्रवर्तकांत विंगेट हे एक प्रमुख होते. ज्यांनी आपल्या शिवाराचे वर्णन लिहून ठेवले, त्यांचे स्वतःचे नाव कोठून आले हे जाणण्याचा अधिकार आपल्याला निश्चितच आहे.

विंगेट हे स्थलवाचक आडनाव आहे. वारा या अर्थाचा विंड आणि खिंड अथवा द्वार या अर्थाचा गेट, अशा दोन प्राचीन अँग्लो-सॅक्सन शब्दांचा तो समास असून, जिच्यातून वारा भरधाव वाहतो अशी टेकड्यांमधली वाट असा त्याचा अर्थ होतो. या नावाचे गाव डरहॅम परगण्यात आहे. नॉर्थंबरलंड आणि लँकेशायर या परगण्यांतही किंचित भेदाने हेच नाव धारण करणारी खेडी आहेत. ज्या मुलुखात वारे जोराचे आणि टेकड्या बोडक्या, तेथे एकच नाव स्वतंत्रपणे तीन ठिकाणी पडावे यात आश्चर्य नाही. तथापि यातून वंशशोधकाला एक मोठा धडा मिळतो, आणि तो न घेतल्यामुळे अनेक हौशी वंशावळी फुकट गेल्या आहेत: आडनाव एक असले म्हणजे कूळ एक असते असे नाही. डरहॅमच्या विंगेट गावातून निघालेला माणूस आणि लँकेशायरातून निघालेला माणूस यांचा परस्परांशी रक्ताचा संबंध काडीइतकाही नसताना त्यांचे वंशज आज एकाच आडनावाने ओळखले जात असतील.

हे आपल्याला समजणे मुळीच कठीण नाही, कारण आपल्याकडील ‘कर’ प्रत्ययान्त आडनावांची जातकुळी नेमकी हीच आहे. कळसकर हे आडनाव घ्या. ते ऐकताच इंदापूरकडच्या माणसाला आपले कळस आठवते. परंतु कळस नावाचे गाव पुण्याच्या वेशीवर हवेलीत आहे, आणि अकोले तालुक्यात प्रवरेच्या खोऱ्यातही आहे. कळसकर म्हणविणाऱ्या एखाद्या कुटुंबाचे मूळ या तिहींपैकी कोणत्या गावात आहे, हे केवळ आडनावावरून सांगू म्हणणारा माणूस धाडसी म्हणावा लागेल. त्याहून अधिक मनन करण्यासारखी गोष्ट अशी की, कळसात राहणाऱ्याला कळसकर म्हणून ओळखण्याचे काही प्रयोजनच नसते, कारण तेथे सारेच कळसचे. ते नाव चिकटते गाव सोडल्यावर, परमुलुखात, जेथे चारचौघांत त्याला ‘कळसाहून आलेला’ असे वेगळे दाखवावे लागते तेथे. पंढरीच्या वाटेवर वा पुण्याच्या पेठेत, पलटणीत वा गिरणीच्या चाळीत ते प्रथम कोणाच्या तोंडून निघते, पुढे एखाद्या कारकुनाच्या बोरूने कागदावर उतरते, आणि मग मुलाबाळांच्या नावांमागे कायमचे जाऊन बसते. विंगेट हे नावही असेच विंगेटबाहेर जन्मले असले पाहिजे. स्थलवाचक आडनाव हा वास्तविक स्थलांतराचा पुरावा आहे. ते माणूस कोठला आहे हे जितके सांगते, त्याहून अधिक तो तेथे आता राहात नाही हे सांगते.

नीरेच्या पलीकडे फलटणास याचे ठळक उदाहरण म्हणून एक राजघराणे उभे आहे. निंबाळकर हे कुळाने पवार. निंबळक या गावावरून त्यांना निंबाळकर हे नाव पडले आणि त्या नावानेच ते इतिहासात गाजले. बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग काव्यरचनेत वेचला आणि १७९४ साली तेथेच देह ठेवला, ते मोरोपंत पराडकर होत. आणि त्यांचे आश्रयदाते, जे सावकारीमुळे नाईक म्हणविले गेले, ते मूळचे जोशी. म्हणजे एकाच गावात, एकाच काळी, एक आडनाव गावावरून आलेले, दुसरे विद्येवरून आणि तिसरे व्यवहारावरून, असे तीन प्रकार शेजारी शेजारी नांदत होते.

इंग्लंडात आडनावे कायम होण्यास जी शतके लागली त्यांचा तपशील पहिल्या प्रकरणात येईल. येथे इतकेच सांगणे पुरे की १०६६ साली नॉर्मन लोकांनी तो देश जिंकला तेव्हा तेथील सामान्य रयतेला वंशपरंपरेचे आडनाव असे काही नव्हते. १०८६ च्या प्रसिद्ध डूम्सडे पाहणीत बड्या जमीनदारांच्या नावांपुढे त्यांच्या नॉर्मंडीतील गावांची नावे दिसतात, पण कुळे आणि दास हे बहुधा नुसत्या नावाने अथवा नुसत्या संख्येने नोंदले आहेत. पुढे तीनएकशे वर्षांत ही स्थिती हळूहळू पालटली. १३७७, १३७९ व १३८१ या सालांत डोईपट्टी बसली आणि माणशी कर घ्यावयाचा तर माणूस नावानिशी ओळखला पाहिजे ही निकड उत्पन्न झाली. १५३८ साली टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवणे सक्तीचे झाले. बापाचे आडनाव मुलाला लागणे ही प्रथा या वह्यांपूर्वीच बळावली होती, परंतु वहीत उतरल्यावर ती मोडण्याची सोय फारशी उरली नाही.

येथे आपल्या दप्तरांची आठवण न होणे अशक्य आहे. मराठेशाहीतील महजरांत आणि वतनपत्रांत ‘अमुक बिन अमुक, मोकदम, मौजे अमुक’ अशी ओळख असते. बापाचे नाव, हुद्दा आणि गाव या तीन खुणांनी माणूस निश्चित होतो आणि आडनाव कधी येते, कधी येत नाही. ज्यांचे वतन होते त्यांचा हुद्दाच आडनाव बनला. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, चौगुले, शेटे, पोतदार, सबनीस, फडणीस, मुजुमदार ही सारी नावे म्हणजे एका गत राज्ययंत्राची जणू हजेरीच होय. परगणे आणि कुलकर्ण यांची वतने १९५० च्या कायद्याने गेली, पाटिलकी १९६२ च्या कायद्याने संपली, पण आडनावे राहिली. इंग्लंडातही याहून निराळे घडलेले नाही. तेथे रीव्ह हा गावचा पाटलासारखा अंमलदार, बेलिफ हा कारभारी, मार्शल हा मूळचा अश्वशाळेचा अधिकारी. त्यांचे हुद्दे कालौघात लोपले वा पालटले आणि रीव्ह, बेली, मार्शल ही आडनावे शिल्लक राहिली.

विंगेट घराण्यांपैकी ज्याचा लेखी इतिहास विशेष समृद्ध आहे ते बेडफर्डशायरातील हार्लिंग्टनचे. या घराण्यातील दोन पुरुषांचा उल्लेख या प्रस्तावनेत करणे अवश्य वाटते. पहिला एडमंड विंगेट, १५९६ ते १६५६ या काळातील गणिती. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने लॉगरिथमवर आधारलेली जी मोजपट्टी बनविली, ती फ्रान्समध्ये नेऊन तिचा वापर १६२४ साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध करण्याचे श्रेय या विंगेटकडे जाते. त्याचे अंकगणितावरील पुस्तकही दीर्घकाळ वापरात होते. ज्या गुंटरचा तो चाहता, त्याच गुंटरने जमीनमोजणीसाठी ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी प्रचारात आणली, जिच्या दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. मुंबई इलाख्याच्या मोजणीत जी साखळी वापरली गेली ती ३३ फुटांची, म्हणजे गुंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी. तिचे सोळा भाग पाडून त्यांना आणे म्हणत, तिच्या एका चौरसाचा गुंठा होई आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. सतराव्या शतकातील एका विंगेटने गुंटरची एक करामत समुद्रापार नेली आणि एकोणिसाव्या शतकातील दुसऱ्या विंगेटच्या हाताखाली गुंटरच्या दुसऱ्या करामतीचे अर्धे रूप इंदापूरच्या माळांवर फिरले. हा योग मला मनापासून मोहवितो. तरी त्यावरून दोघांची भाऊबंदकी जोडण्याचा मोह वाचकाने टाळावा. नावाखेरीज त्या जोडणीला दुसरा आधार नाही.

दुसरा पुरुष सर फ्रान्सिस विंगेट. १६६० च्या नोव्हेंबरात, परवान्यावाचून धर्मोपदेश करतो म्हणून पुढे ग्रंथकार म्हणून गाजलेल्या जॉन बन्यन याला पकडून ज्या मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले तो हाच. त्यातून निघालेल्या कारावासाने बन्यनची अनेक वर्षे खाल्ली. बन्यनच्या ग्रंथाचे भाषांतर मराठीतही झालेले असल्यामुळे मिशनच्या शाळांतून शिकलेल्या जुन्या वाचकांना हे प्रकरण अगदी अपरिचित नसेल.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. पेशवाई बुडाल्यावर पुणे जिल्ह्याची शास्त्रशुद्ध जमाबंदी करण्याचा पहिला उद्योग रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण मुलकी अंमलदाराने केला. हा स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील घराण्यातला. त्याचे आडनावही स्थलवाचक, हॉपप्रिंगल या जागेवरून पडलेले आणि पुढे आखूड झालेले. कंपनीच्या हेलीबरी येथील विद्यालयात तो माल्थसचा विद्यार्थी होता, आणि जमिनीच्या निव्वळ उत्पन्नावरच सरकारचा हक्क पोचतो हा अर्थशास्त्राचा सिद्धांत त्याने मनोभावे स्वीकारला होता. म्हणून त्याने प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे सरासरी उत्पन्न काढावे, त्यातून मशागतीचा खर्च वजा घालावा आणि उरलेल्या रकमेच्या शेकडा ५५ इतका धारा बसवावा, अशी योजना आखली. योजनेत बुद्धी होती, न्यायबुद्धीही होती. परंतु मोजणीच चुकीची झाली. हाताखालच्या कामगारांनी लाच घेऊन प्रती वरखाली केल्या. खर्चाचा जो हिशेब कागदावर मांडला त्याचा शेतातल्या खर्चाशी मेळ बसेना. आणि त्यातच धान्याचे भाव उतरले. १८३० च्या सुमारास ही जमाबंदी लागू झाली आणि थोड्याच वर्षांत इंदापुराकडची रयत गावे ओसाड टाकून शेजारच्या निजामाच्या मुलखात जाऊ लागली. वसुलासाठी जे छळाचे प्रकार झाले त्यांची पुढे चौकशी करावी लागली.

हा विध्वंस निस्तरण्यासाठी १८३५ साली जे अंमलदार इंदापुरास आले त्यांत हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड हा मुलकी खात्यातला आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हा इंजिनिअर पलटणीतला होता. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला बार्टल फ्रिअर हाही तेव्हा गोल्डस्मिडचा तरुण मदतनीस होता. या मंडळींनी प्रिंगलच्या सिद्धांताला रजा दिली. जमिनीची प्रत त्यांनीही ठरविली, खोली आणि रंग पाहून नऊ प्रती लावल्या आणि आण्यांत त्यांचे परस्परमूल्य बांधले; पण एकंदर धारा किती असावा हे कोणत्याही सूत्रावरून न काढता, मागल्या सालांत खरोखर किती वसूल झाला, पाऊस कसा असतो, बाजार किती दूर आहे आणि रयतेच्या घरात काय आहे, हे पाहून सरसकट अंदाजाने ठरविले. दर बरेच खाली आणले, आणि तीस वर्षे ते बदलणार नाहीत असे अभिवचन दिले; या मुदतीत कोणी विहीर खणली, ताल घातली वा जमीन सुधारली तर तिच्यापायी धारा चढणार नाही, आणि ज्याला एखादा नंबर परवडणार नाही त्याने तो खुशाल सोडावा, अशीही सवलत ठेवली. ही पद्धत १८३६ पासून इंदापुरात अमलात आली, पडीक जमीन पुन्हा वहितीखाली आली, परागंदा झालेले लोक परतू लागले, आणि इंदापूरचा कित्ता सबंध इलाख्याने गिरविला. गोल्डस्मिड १८५५ साली कैरो येथे वारला. १८६५ मध्ये, ज्या भागात त्याने काम आरंभले तेथे, भीमेकाठच्या डिकसळ गावी, त्याच्या स्मरणार्थ बांधलेली धर्मशाळा फ्रिअरने गव्हर्नर या नात्याने उघडली.

या पद्धतीची तत्त्वे ज्या संयुक्त अहवालात एकत्र ग्रथित झाली तो १८४७ सालचा. त्याच्याखाली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन अशी तीन नावे आहेत. सरकारी कागद वाचताना सहीकडे कोणी पाहात नाही, परंतु आडनावांच्या अभ्यासकाची नजर तेथेच खिळते. गोल्डस्मिड म्हणजे सोन्याचे काम करणारा, आपल्याकडच्या सोनार-पोतदारांच्या जातीचे व्यवसायवाचक नाव, विंगेट स्थलवाचक, आणि डेव्हिडसन म्हणजे डेव्हिडचा पुत्र, आपला जुना ‘बिन’. गोल्डस्मिड हे लंडनमध्ये ॲम्स्टरडॅमहून आलेल्या एका विख्यात यहुदी घराण्याचे नाव. आणि यहुद्यांचा विषय निघालाच आहे तर सांगितले पाहिजे की, आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजाने गावांवरून घेतलेली केहीमकर, पेणकर, राजपूरकर, दिवेकर ही आडनावे म्हणजे या सबंध विषयातले एक अतिशय हृद्य प्रकरण आहे. धर्माने यहुदी, भाषेने मराठी आणि आडनावाने कोकणातल्या कोठल्याशा खेड्याचे रहिवासी असे हे लोक, स्थलवाचक आडनावाची ओढ जातिधर्माच्या पलीकडची कशी असते हे दाखवितात.

विंगेटच्या कार्याचा गौरव करताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. जमीन रोकड किमतीची, निश्चित हक्काची आणि गहाण टाकण्याजोगी झाली, तशी सावकाराची पकडही आवळली. हे स्वतः विंगेटने ओळखले होते आणि १८५२ सालीच सावकार व कूळ यांच्यातील नात्याला जे वळण लागले आहे त्याविषयी सरकारला इशारा दिला होता. तो मानला गेला नाही. तीस वर्षांची पहिली मुदत संपून इंदापुरात फेरआकारणी झाली, कापसाची तेजी ओसरली, आणि १२ मे १८७५ रोजी शेजारच्या भीमथडी तालुक्यात सुपे येथे रयतेने सावकारांची कर्जखते जाळली. दख्खनच्या दंग्यांचा तो आरंभ. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. निवृत्तीनंतर १८५९ साली विंगेटने हिंदुस्थानशी असलेल्या इंग्लंडच्या आर्थिक संबंधांवर एक पुस्तिका लिहिली आणि या देशातून दरसाल विलायतेस जाणारा पैसा ही खंडणी आहे असे निर्भयपणे प्रतिपादिले. दादाभाई नौरोजींनी आपल्या विवेचनात त्याच्या साक्षीचा आधार घेतला. इंदापूरच्या दुष्काळी रानात ज्याने धाऱ्याचा भार प्रत्यक्ष पाहिला, त्याच्या लेखणीतून हे निघाले याला मी योगायोग मानीत नाही.

पुढल्या काळात या आडनावाची माणसे साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत आढळतात. सुदानचा गव्हर्नर-जनरल सर रेजिनल्ड विंगेट आणि ब्रह्मदेशातील चिंडिट सेनेचा सेनापती ऑर्ड विंगेट हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. ऑर्डचा जन्म १९०३ साली नैनितालचा, आणि २४ मार्च १९४४ रोजी त्याचे विमान मणिपुरात कोसळून तो गेला. त्याच्या बापाचे नावही जॉर्ज विंगेट आणि तोही हिंदुस्थानी फौजेत कर्नल होता. त्यामुळे इंदापूरचा विंगेट तोच, असे समजणारे वाचक भेटतात. तो निराळा माणूस. या ग्रंथात नामसादृश्यावर उभारलेले असे सर्व सांधे सोडवून ठेवले आहेत.

शेवटी एका मर्यादेचा निर्देश केला पाहिजे. मोजणीने शिवारातला प्रत्येक नंबर कोणाच्या तरी नावे लागला, आणि माझ्या मते आपल्याकडे आडनाव लिहिण्याची सवय गावोगाव पक्की होण्यास ही खातेवही फार उपयोगी पडली. एकाच गावात चार रामजी आणि सहा विठोजी असताना सारा कोणाकडून घ्यावयाचा हे केवळ ‘बिन’वर भागेना. परंतु खातेवहीत येतो तो खातेदार. ज्या विधवेच्या नावे जमीन लागली ती ‘कोम’ अमुक म्हणून, नवऱ्याच्या नावाआड, कोठेतरी दिसते. बाकी स्त्रिया दिसतच नाहीत. ज्यांच्या वाट्याला जमीन आली नाही ते सालगडी, भटके मेंढपाळ आणि गावकुसाबाहेरचे लोक यांचीही नावे तीत सापडत नाहीत. त्यांच्या आडनावांचा माग ज्याला काढावयाचा असेल त्याने सर्व्हेचे दप्तर बाजूला ठेवून गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे, कारण यांतील बहुतेक घरांचे आडनाव सरकारी कागदावर प्रथम लिहिले गेले ते मुलाला पहिल्या इयत्तेत घालताना, बापाला विचारून, मास्तरांच्या हाताने.